रेघ डावीकडून वाचायची

गणित शिकवणाऱ्या माणसाला राग यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे आणि माझ्यापुरती ती अट मी कधीच पूर्ण केलेली आहे. धुळ्याच्या देवपुरातल्या ज्या शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते, तिथली पोरं मला पाठीमागे लवंगी म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. वजाचं चिन्ह हरवलं की मी कुणाची गय करत नाही. पहिल्या बाकावरचा असो की शेवटच्या, ‘डोकं घरी ठेवून आलास का?’ हा प्रश्न ठरलेला. पोरं हसतात, मी हसत नाही, आणि पुढच्या वेळी चिन्ह जागेवर असतं.

हा सगळा तोरा एका उन्हाळ्यात एका माणसापुढे पार लुळा पडला. ते माणूस म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

अक्का साक्रीला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करत. आसपासच्या डोंगराळ गावांमधून शिकायला आलेल्या मुली तिथे राहतात. कागदोपत्री अक्कांचं काम भाकरी आणि भाजी एवढंच. पण कुणाला ताप आला, कुणी घरच्या आठवणीनं रडायला लागली, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की हाक अक्कांनाच. मग त्या वसतिगृहात मदतनिसाची जागा निघाली. कायमची नोकरी आणि राहायला एक खोली. काम तेच, जे अक्का पीठ मळता मळता आधीपासून करत होत्या. फक्त त्या जागेला दहावी पास असल्याचा कागद पाहिजे होता, आणि अक्कांची दहावी लग्नाच्या आधी गणितात अडकली होती ती अडकलीच.

तर अक्कांनी बाहेरून दहावीचा अर्ज भरला आणि मार्चमध्ये सगळे पेपर दिले. मराठीत चांगले गुण, इतिहासात चांगले, इंग्रजीसुद्धा सुटलं. गणित राहिलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. वसतिगृहाच्या मंडळींनी भलेपणानं कळवलं की पुरवणी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जागा रिकामी ठेवू, त्यापुढे मात्र थांबता येणार नाही. बारावी झालेल्या एका बाईंचा अर्ज त्यांच्याकडे आलेलाच होता.

सुट्टी लागली, वसतिगृह बंद झालं आणि अक्का पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नाही. पाणी पिऊन झाल्या झाल्या म्हणाल्या, “वहिनी, माले गनित शिकाड.”

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. थोरली नणंद आली की भावजयीनं वाकून नमस्कार करायचा, पहिलं ताट तिला वाढायचं, तिच्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलायचं, आणि उलट उत्तर तर सोडाच, आवाजसुद्धा चढवायचा नाही. ही रीत कुणी भिंतीवर लिहून ठेवलेली नाही, पण मोडली तर सगळ्या नातेवाइकांना कळते. त्यात माझ्यावर अक्कांचे उपकार. मी वरणगावकडची. आमच्याकडची बोली वेगळी. लग्न होऊन आले तेव्हा इकडची अहिराणी माझ्या डोक्यावरून जायची. चुलीपाशी बसवून मला ती शिकवली अक्कांनी, तीही हसून हसून, माझी प्रत्येक चूक शेजारणीला सांगून.

अक्कांची पहाट गच्चीवर जायची, ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालण्यात. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी मागच्या खोलीत कुलरसमोर बसायचो. आलेखाचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कडेला अडकित्ता, दुसऱ्या कडेला चष्म्याचं घर.

पुस्तकात सरळ रेषेचा आलेख काढायची रीत अशी, की x च्या तीन-चार किमती घ्या, y काढा, सारणी भरा, बिंदू ठेवा आणि जोडा. मार्चमध्ये अक्का तिथेच बुडाल्या होत्या. सारणीत कुठेतरी एक चिन्ह घसरायचं, एक बिंदू भलतीकडे जायचा आणि रेघेऐवजी कोयता तयार व्हायचा. म्हणून मी ठरवलं, आपण दुसऱ्या वाटेनं जायचं. समीकरणाकडे बघून सरळ रेघ काढायची, आणि मग त्या रेघेवरचेच बिंदू उचलून सारणी भरायची. आधी काय काढलं आणि मागून काय भरलं, हे पेपर तपासणाऱ्याला दिसत नाही. यात लबाडी वाटत असेल तर वाटू दे, गणित खरं आहे.

“समीकरणात y एकटा करून घ्यायचा,” मी म्हटलं. “मग असं दिसतं. y बरोबर दोन x अधिक तीन. यातला तीन म्हणजे अंतःखंड. रेघ y च्या उभ्या अक्षाला तीनवर कापते.”

“अंतखंड,” अक्का म्हणाल्या, आणि चेहरा असा केला की जणू कुणी वारलंय.

मग मी त्यांना गच्चीवरच्या टाकीची गोष्ट सांगितली. नळाला पाणी आलं, मोटार लावली. पण मोटार लावायच्या आधी टाकीत तीन बादल्या पाणी होतंच. तो तीन. मोटार दर मिनिटाला दोन बादल्या चढवते. तो दोन. आधीचं तीन, मग एक घर उजवीकडे आणि दोन घरं वर, पुन्हा एक उजवीकडे आणि दोन वर. पट्टी लावा, रेघ ओढा.

अक्कांनी रेघ ओढली आणि कागद लांब धरून पाहिला. “इतलंच?” त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून अंतःखंड गेला आणि ‘आधीचं’ आलं. आधीचं उणे चार असेल तर काय, यावरही त्यांनीच तोड काढली. टाकीच्या जागी खड्डा धरायचा. पाणी जमिनीला लागायच्या आधी चार घरं खड्डा भरावा लागणार. मी म्हटलं, उत्तम. खरंच उत्तम होतं, मी पुढे वर्गात वापरलंय.

अडचण सुरू झाली ती चढापासून. इंग्रजीत त्याला स्लोप म्हणतात आणि त्या शब्दाला वर-खाली काही वाटत नाही. आपल्या पुस्तकात शब्द आहे चढ. रेषेचा चढ. साक्रीकडच्या बाईला चढ म्हणजे काय हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? तिकडे पाण्याला जायचं तरी चढ लागतो. मी y बरोबर उणे दोन x अधिक तीन असं समीकरण दिलं. अक्कांनी आधीचं तीन बरोबर धरलं, आणि तिथून रेघ झकास वर चढवली, थेट पहिल्या रेघेवरूनच.

“अक्का, हिचा चढ उणे आहे. ही खाली उतरायला पाहिजे.”

“पुस्तकमा चढ लिखेल शे,” अक्का म्हणाल्या. “मंग मी तिले चढावू का उतारू?”

“उणे चढ म्हणजे उतार.”

“मंग सरळ उतार लिखाले काय व्हतं त्यासले?”

पुस्तक लिहिणाऱ्यांच्या वतीनं मी काय बोलणार? मी म्हटलं, शब्द एकच ठेवला की सूत्रही एकच राहतं. अक्कांना ते पटलं नाही. मग त्यांनी पेन्सिल तीनवर ठेवली, डावीकडे एक घर गेल्या आणि वर दोन. पुन्हा डावीकडे एक, वर दोन. पट्टी लावली. रेघ तंतोतंत बरोबर आली.

“आते?” त्यांनी विचारलं.

“बरोबर आहे. पण तुम्ही डावीकडे का गेलात?”

“धुळ्याहून साक्रीले जाताना चढ लागस. साक्रीहून धुळ्याले येताना तोच उतार. रस्ता एकच शे ना? मी दुसरीकडथून चढनू.”

मी खूश झाले. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. उणे दिसलं की डावीकडे वळायचं आणि चढायचं. रेघ ओढून झाली की ती कुणीकडून ओढली हे कागदावर उरतच नाही. मी त्यांना शाबासकी दिली, संध्याकाळी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं, आणि आता गाडी रुळावर आली असं समजून स्वस्थ बसले.

गाडी कुठली रुळावर! रेघ काढायला अक्कांची युक्ती छान होती, पण भूमितीच्या पेपरात उलटा प्रश्न येतो. दोन बिंदू देतात आणि म्हणतात, चढ काढा, म्हणजे y मधला फरक वर, x मधला खाली, आणि भागा. तिथे अक्का प्रत्येक रेघ आपल्या सोयीनं फिरवून घ्यायच्या, म्हणजे ती चढतीच व्हायची. त्यात दुसरीतिसरीत हातावर पट्टी खाऊन पाठ केलेला धडा, की मोठ्यातून लहान वजा करायचं. एक-पाच आणि तीन-एक असे बिंदू दिले, की वर पाचातून एक, खाली तीनातून एक, उत्तर अधिक दोन. खरं उत्तर उणे दोन. दर वेळी. अक्कांच्या जगात उतरती रेघ नव्हतीच.

शाळेत हे झालं असतं तर मी खडू खाली ठेवून काय बोलले असते ते अख्ख्या वर्गाला पाठ आहे. इथे मी म्हणायची, “छान, अक्का. चिन्ह तेवढं बघून घ्या हं.” आणि मीच पेन्सिलीनं उणे टाकायची. दुसऱ्या दिवशी तीच चूक. “हं, चिन्ह.” तिसऱ्या दिवशी तीच. पालथ्या घड्यावर पाणी. ओठांवर आलेला शब्द मी चहाबरोबर गिळायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आदळायची. एवढीच मला सोय होती.

जूनमध्ये शाळा उघडली. परीक्षा तोंडावर आली, तशी मी अक्कांना घरीच एक पूर्ण पेपर सोडवायला बसवलं. पुस्तक बंद, मी समोर, मदत नाही. त्यांनी सोडवला, मी लगेच तपासला. पास व्हायला लागतात तेवढे गुण पडले नव्हते. उणे चढाचं प्रत्येक उदाहरण चुकलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी चूक एकच होती.

अक्कांनी कागद ओढून घेतला आणि लाल खुणा बोटानं एकेक करून पाहिल्या. मग चष्मा काढला.

“ही चूक मी रोज करत व्हतू?”

“हो.”

“शाळामातली पोरगी रोज अशी चुकनी, तर तू तिले काय म्हनस?”

मी लाल पेनाला टोपण लावलं.

“सांग.”

“म्हणते, डोकं घरी ठेवून आलीस का.”

“मंग माले काबर म्हनत नही?”

“तुम्हाला कसं म्हणू, अक्का?”

तेव्हा त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. आवाज चढवला नाही, हात मात्र कागदावर घट्ट ठेवला होता. “मानपान सनवारले कर. आठे अभ्यासमा नको. तू माले मान देत राह्यनी तर मी नापासच व्हसू, आनि ती खोली दुसरीले जाई. पोरीसले जशी बोलस तशी माले बोल. सोनारानीच कान टोचाना ऱ्हातस.”

मला एकदम लाज वाटली आणि रागही आला, आणि दोन्हींत राग मोठा होता. इतके दिवस साठलेला होता तो. मी उठून उभी राहिले, कारण बसून मला रागावता येत नाही.

“मग ऐका. डोकं घरी ठेवून आलात का? कुठल्या घरी ठेवलंय, साक्रीला? रोज सांगतेय चिन्ह बघा, चिन्ह बघा, कान कुणाकडे असतात? मोठ्यातून लहान, मोठ्यातून लहान, दुसरीत आहात का अजून? आणि ही रेघ कोण फिरवायला सांगतं तुम्हाला? काढताना काढा कुठूनही, डावीकडून, उजवीकडून, आढ्याला टांगून काढा. वाचायची मात्र डावीकडून. मराठी वाचता ना? मराठी काय उजवीकडून वाचता? पेपर उघडला की पहिलं अक्षर डावीकडचंच असतं ना? मग डावा बिंदू आधी. उजव्यातून डावा वजा, खाली पण तसंच आणि वर पण तसंच. वर मोठं-लहान बघायचं नाही. जे येईल ते येऊ द्यायचं. उणे आलं तर उणे.”

मी एवढ्या मोठ्यानं बोलत होते की पुढच्या खोलीतून नवरा धावत आला. बायको थोरल्या बहिणीवर ओरडतेय, हे दृश्य त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. दारातच थबकला आणि पांढरा पडला.

“तू मझार जाय,” अक्कांनी मान वर न करता त्याला आत पाठवलं. त्या लिहीत होत्या. एक-पाच, तीन-एक. डावा एक-पाच. वर एकातून पाच गेले, उणे चार. खाली तीनातून एक, दोन. उणे दोन.

“उतरनी,” त्या म्हणाल्या.

रेघ डावीकडून वाचायची, हे मी त्याआधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्याही तोंडून ते पहिल्यांदा रागातच बाहेर पडलं. चांगलं सुचायला मला चिडावं लागतं, हा स्वभाव आहे आणि मी तो बदलणार नाही.

त्यानंतरचे दिवस मी मनसोक्त रागावले. दुपारी चार शब्द सुनावायची आणि रात्री पहिलं ताट अक्कांना वाढायची, दोन्ही तितक्याच मनापासून. अक्का कधीकधी मला चिमटा काढत, “कानामागून आली आनि तिखट झाली,” आणि पुढचं उदाहरण ओढून घेत. नवरा मात्र दुपारी घराबाहेर राहायची काही ना काही कामं काढू लागला.

परीक्षेचं केंद्र धुळ्यातच होतं. भूमितीचा पेपर देऊन त्या आल्या, चप्पल काढली, मोरीत पाय धुतले, पाटावर बसल्या. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि अर्थातच विचारलं.

“दोन बिंदू देयेल व्हतात,” त्या म्हणाल्या. “रेघ उतरेल व्हती. उणे लिखं.” आणि जेवायला वाढ म्हणाल्या.

मग त्या साक्रीला परत गेल्या, कारण वसतिगृह उघडलं होतं आणि मुलींना भाकरी लागणारच होती. निकालाच्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत मोबाइल घेऊन बसले. इतक्या पोरांचे निकाल मी चहाचा घोट घेता घेता बघितलेत. त्या दिवशी कपाला हात लागला नाही. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. पोरगं नापास झालं तर पुन्हा बसतं. अक्कांना मात्र ती खोली पुन्हा मिळणार नव्हती. बैठक क्रमांक टाकला. पान उघडायला वेळ लागला. उत्तीर्ण. गणितात ग्रेसचा एक गुणसुद्धा न घेता.

फोन केला तेव्हा मागे मुलींचा कालवा चालू होता. मी सांगितलं.

“परत देख,” अक्का म्हणाल्या. “दुसरानं पान ते नही ना?”

“अक्का, मी गणित शिकवते. मला आकडे वाचता येतात.”

तेव्हा त्या रडल्या. मीही रडले, आणि ते बघून इंग्रजीच्या बाईंनी माझ्यासाठी पाणी आणलं. लवंगी रडते, ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत पोचली असणार. पोचू दे.

जागा अक्कांना मिळाली. खोलीत सामान लागल्यावर त्यांनी मला फोन केला आणि कचेरीतली गोष्ट सांगितली. नोकरीचे कागद भरून घेणाऱ्या माणसानं विचारलं, “शिक्षण?” लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी ना कुणी विचारत आला होता. रेशनच्या दुकानात, बँकेत, पोरांच्या शाळेत. आणि त्या दर वेळी एका दमात सांगायच्या, ‘दहावीनापास’. तो त्यांना एकच शब्द वाटायचा, आडनावासारखा जोडलेला. परवाही सवयीनं तोंड तसंच उघडलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय,” अक्का म्हणाल्या. “दहावी, इतलंच सांगं. पुढे काही सांगानं राह्यनंच नही.”